आईला ब्रेस्ट कॅन्सर, आणि माझ्या रक्तात 'तुटके क्रोमोझोम'?

शेवंती३३
नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं नुसतीच वाचतेय, धागा पहिल्यांदा काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आई ५८ वर्षांची. फेब्रुवारीत उजव्या बाजूला गाठ लागली, तुकडा तपासायला दिला, कॅन्सर निघाला. रिपोर्टच्या शेवटी तीन ओळी होत्या: ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू निगेटिव्ह (गाठीच्या पेशींवर हार्मोन पकडणाऱ्या दोन जागा आणि हर-टू नावाचं प्रथिन आहे का, ती तपासणी). घरात सगळ्यांना हायसं वाटलं. तीनदा निगेटिव्ह म्हणजे चांगलंच की! काका तर पेढ्यांची भाषा करायला लागले. मग डॉक्टरांनी समजावलं की ही जरा हट्टी जात, हिला हार्मोनच्या गोळ्या लागू पडत नाहीत, केमोच घ्यावी लागते. परवा तिसरी केमो झाली.

आता मुद्दा. केमोच्या वॉर्डात एका कॉलेजची मुलगी संशोधनासाठी रक्त गोळा करत फिरायची. पेशंटचं आणि सख्ख्या नातेवाइकांचं. आईचं घेतलं, माझं आणि धाकट्या भावाचंही घेतलं. महिन्याभराने मी आपला सहज फोन केला, तर म्हणाली, "ताई, आईंच्या पेशींत क्रोमोझोमची मोडतोड बरीच आहे. तुमच्यातही नॉर्मलपेक्षा थोडी जास्त दिसतेय. दादांचं ठीक आहे." म्हणजे काय गं, असं विचारलं तर "मॅडमना विचारून सांगते". मॅडम फोन उचलत नाहीत.

म्हणजे मलाही होणार का? माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिचं रक्त तपासायचं का? तीन रात्री धड झोपलेले नाही.

रानवेडा
ताई, आधी आईंना बरं वाटू दे. इथे जाणकार आहेत, थांबा जरा.

गूगलपंडित
घाबरवायचं नाहीये, पण क्रोमोझोमची (म्हणजे गुणसूत्रांची, पेशीतल्या डीएनएच्या गुंडाळ्यांची) मोडतोड ही कॅन्सरची मुळातलीच गोष्ट आहे. थिओडोर बोव्हेरी नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९१४ सालीच हे मांडलं होतं. तो समुद्री अर्चिनच्या अंड्यांवर काम करायचा. म्हणजे ती मुलगी काही हवेत बोलत नव्हती. दुर्लक्ष करू नका.

चहाटळ
"घाबरवायचं नाहीये, पण" अशी सुरुवात झाली की मी खुर्ची घट्ट धरून बसतो.

स्लाइडवाली
शेवंती, मी अकरा वर्षं हेच काम केलंय. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून क्रोमोझोम मोजायचं. त्यामुळे जरा पाल्हाळ लावते, वाच.

तुमचं रक्त हिरव्या झाकणाच्या नळीत घेतलं असणार. हिमोग्लोबिनला जांभळी असते, आम्हाला हिरवी लागते, कारण पेशी जिवंत हव्या असतात. त्या रक्तातल्या लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, एरवी नुसत्या झोपून असतात. त्यांना विभागायला लावण्यासाठी एक द्रव्य घालतात, ते निघतं राजम्याच्या जातीच्या घेवड्यातून. ३७ अंशांवर तीन दिवस ठेवायचं. पेशी ऐन विभागणीत आली की कोल्चिसिनने तिला तिथेच थांबवायचं. मग मिठासारख्या एका क्षाराच्या पातळ पाण्यात फुगवायचं, मिथेनॉल आणि ॲसेटिक ॲसिडमध्ये धुवायचं (घरी गेल्यावर नवरा विचारायचा, लोणचं घालून आलीस का), आणि गार काचपट्टीवर हातभर उंचीवरून थेंब टाकायचा. थेंब बरोबर पडला तर ४६ क्रोमोझोम रांगोळीसारखे पसरतात. चुकला तर सगळा गुंता.

मग मोजायचं. कुठे तुकडा पडलाय, कुठे दोन क्रोमोझोम एकमेकांना चिकटलेत. दुसरी सोपी तपासणी असते मायक्रोन्यूक्लियसची. पेशी विभागताना जो तुकडा मागे राहतो त्याचं केंद्रकाशेजारी छोटं पिल्लू दिसतं. हजार पेशींत किती पिल्लं, ते मोजतात.

आता तुझ्या कामाचं. ही पिल्लं माझ्याही रक्तात आहेत, तुझ्या शेजारणीच्याही आहेत. वय वाढलं की वाढतात. बाईमाणसात पुरुषांपेक्षा जास्त असतात. तंबाखू, मशेरी, क्ष-किरण, काही औषधं, सगळ्यांनी आकडा हलतो. तुझ्या भावाचं "ठीक" आणि तुझं "जास्त" यात निम्मा फरक तो पुरुष आहे एवढ्यानेही पडू शकतो.

मला दोन गोष्टी सांग. आईचं रक्त केमोच्या आधी घेतलं की नंतर? आणि तू रक्त देण्याच्या आगेमागे काही एक्स-रे, सीटी केलं होतंस का?

चहाटळ
ते कोल्चिसिन म्हणजे कळलावीत असतं तेच ना? आमच्या सासूबाईंच्या अंगणात कळलावीचा वेल आहे. मी कायम म्हणायचो, यांना वेलाची गरज काय.

स्लाइडवाली
@चहाटळ, हो, तेच. आणि कंद भयंकर विषारी असतो, तेव्हा सासूबाईंशी जपून वागा.

शेवंती३३
स्लाइडवाली ताई, आईचं रक्त दुसऱ्या केमोनंतर घेतलं. आणि माझं मुतखड्यासाठी पोटाचं सीटी झालं होतं, रक्त दिलं त्याच्या जेमतेम महिनाभर आधी. हे त्या मुलीने विचारलंच नाही! फॉर्मवर वय, वजन आणि "व्यसन आहे का" एवढंच होतं. आई लग्नाआधीपासून मशेरी लावायची, पण व्यसन म्हटल्यावर तिने सरळ "नाही" सांगितलं. मशेरी तिच्या लेखी व्यसन नाहीच.

स्लाइडवाली
झालं तर मग. केमोची बरीचशी औषधं डीएनएच मोडतात, त्यासाठीच तर देतात. दोन केमो झालेल्या बाईच्या रक्तात मोडतोड दिसली, यातून तिच्या कॅन्सरबद्दल काहीही कळत नाही. पेशंटचं रक्त घ्यायचं ते उपचार सुरू व्हायच्या आधी, हा या कामाचा पहिला धडा. तुझ्या आकड्यात सीटीचाही हात असू शकतो.

आणि मशेरीचं अगदी खरं. आम्ही फॉर्मवर "दात कशाने घासता" असा वेगळा प्रश्न टाकला तेव्हा कुठे खरी उत्तरं यायला लागली.

गूगलपंडित
मान्य, पण नातेवाइकांचा मुद्दा असा झटकून टाकता येणार नाही. मँचेस्टरमध्ये डेव्हिड स्कॉट आणि मंडळींनी नव्वदच्या दशकात हेच काम नीट केलं होतं. रक्ताच्या पेशींना प्रयोगशाळेत मुद्दाम क्ष-किरण द्यायचे आणि क्रोमोझोम किती तुटतात ते मोजायचं. ब्रेस्ट कॅन्सरच्या सुमारे ४० टक्के बायकांच्या पेशी जास्त नाजूक निघाल्या, निरोगी बायकांत हे प्रमाण दहात एखादी. मग १९९९ मध्ये त्यांनी अशा नाजूक पेशीवाल्या पेशंटच्या सख्ख्या नातेवाइकांना तपासलं, तर त्यांच्यातही निम्म्याहून जास्त जणांच्या पेशी तशाच. म्हणजे हा गुण घराण्यात उतरतो. मग हीच टेस्ट सगळ्यांची का करत नाहीत?

डॉ_मिरजकर
कर्करोगाची शस्त्रक्रिया हा माझा व्यवसाय, म्हणून चार ओळी लिहितो.

गूगलपंडितांनी या वेळी गृहपाठ चांगला केलाय. तो अभ्यास खराच महत्त्वाचा होता. पण त्यांचेच आकडे उलटे वाचा. साठ टक्के पेशंटच्या पेशी अगदी सर्वसाधारण निघाल्या आणि तरीही त्यांना कॅन्सर झाला होता. दहा टक्के निरोगी बायकांच्या पेशी नाजूक होत्या आणि त्या मजेत होत्या. गटागटांची तुलना करायला ही पद्धत उत्तम. पण समोर बसलेल्या एका बाईला "तुला होणार" किंवा "नाही होणार" हे यावरून सांगता येत नाही. त्यात एकाच माणसाचं रक्त दोनदा घेतलं तरी आकडा थोडा वेगळा येतो. म्हणून ही टेस्ट दवाखान्यात वापरात आली नाही.

क्रोमोझोम तुटणं आणि घराण्यातला कॅन्सर यांचं नातं मात्र पक्कं आहे. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनए रोज तुटत असतो आणि रोज सांधला जातो. दोन्ही धागे एकदम तुटले तर ते बिनचूक सांधणाऱ्या कारागिरांत ब्राका-१ आणि ब्राका-२ ही दोन मोठी नावं. पहिल्याचं जनुक १७ नंबरच्या क्रोमोझोमवर, दुसऱ्याचं १३ वर. जन्मतःच त्यांची एक प्रत बिघडलेली असेल तर ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या घरात जाते. ब्राका-१ मध्ये बीजकोशाच्या (ओव्हरीच्या) कॅन्सरचीही सुमारे ४४ टक्के, ब्राका-२ मध्ये १७. पण एकूण स्तनाच्या कॅन्सरमध्ये असे आनुवंशिक ५ ते १० टक्केच.

तेव्हा शेवंतीताई, तुमच्या तुटक्या क्रोमोझोमचा कागद फाडून टाका. पण तुमच्या पहिल्याच पोस्टमधल्या दुसऱ्या एका गोष्टीने माझे कान टवकारले आहेत: तिन्ही निगेटिव्ह. वय साठच्या आत आणि तिन्ही निगेटिव्ह, अशा पेशंटची ब्राका तपासणी करावी असा संकेत आहे. आणि ती आधी आईंची करायची, तुमची नाही. आईंमध्ये बिघाड सापडला तर नेमका तोच तुमच्यात शोधता येतो. आईंना न तपासता तुमची "काही नाही" आली, तर त्याचा अर्थ लावता येत नाही. मुलीचं रक्त अजिबात देऊ नका. अठरा वर्षांखाली ही तपासणी करत नाहीत.

आणि माहेरची वंशावळ काढा. आईच्या आईकडची आणि आईच्या वडलांकडचीही.

निवृत्त_मास्तर
वंशावळीवरून आठवले. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदाने १८६६ साली आपल्या पत्नीच्या घराण्यातील चार पिढ्यांचा वृक्ष प्रसिद्ध केला होता. त्या घरातील कितीतरी स्त्रिया स्तनाच्या कॅन्सरने गेल्या होत्या. मेरी-क्लेअर किंग यांनी १७ व्या क्रोमोझोमवर बोट ठेवले ते १९९० मध्ये. म्हणजे कागद-पेन्सिलीचा वृक्ष सव्वाशे वर्षे आधी झाला, जनुक मागाहून आले.

बोरीबंदर
आमची गोष्ट सांगतो. ताईला ४१ व्या वर्षी झाला. परळला टाटाला दाखवलं, त्यांच्याकडे जेनेटिक क्लिनिक आहे. तिथल्या मॅडमनी दीड तास बसवून तीन पिढ्या विचारल्या. कोण कशाने गेलं, कितव्या वर्षी गेलं. ताईची ब्राका-२ पॉझिटिव्ह आली. मग आम्ही तिघं भावंडं. मी म्हटलं मी पुरुष, मला काय? मॅडम म्हणाल्या, तुम्हाला मुलगी आहे का? आहे. मग या.

मी पॉझिटिव्ह, धाकटी बहीण निगेटिव्ह. बहीण रिपोर्ट घेऊन जिन्यात रडली. मी तिला म्हटलं, अगं, तू सुटलीस! तर म्हणते, "तुम्ही दोघं अडकलात आणि मी एकटी सुटले, तोंड कसं दाखवू?" याची कोणीच कल्पना दिली नव्हती.

काळी_मैना
पण मग पॉझिटिव्ह आल्यावर करायचं काय? अँजेलिना जोलीसारखं सगळं काढून टाकायचं? तिच्याकडे पैसे होते.

डॉ_मिरजकर
काढून टाकणं हा एक मार्ग, एकमेव नाही. जोलीबाईंची ब्राका-१ होती, २०१३ मध्ये त्यांनी जाहीर लिहिलं. ज्यांना शस्त्रक्रिया नको त्यांची दर वर्षी एमआरआय आणि तिशीपासून मॅमोग्राफी. मुलंबाळं झाल्यावर ३५ ते ४० च्या दरम्यान बीजकोश काढण्याचा सल्ला मात्र ब्राका-१ वाल्यांना आम्ही आग्रहाने देतो, कारण बीजकोशाचा कॅन्सर वेळेत सापडतच नाही.

ज्यांच्यात काहीच आनुवंशिक नाही त्यांनी हात झटकू नयेत. टाटाने मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून वीस वर्षं दीड लाख बायकांवर अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी नुसती हाताने तपासणी केली, तरी पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. यंत्र नाही, काही नाही.

पॉलिसीवाला
एक व्यावहारिक शंका. टेस्ट केली आणि पॉझिटिव्ह आली, तर मेडिक्लेमवाले हात वर करतील ना?

बोरीबंदर
याच भीतीने आम्ही दोन महिने घालवले. दिल्ली हायकोर्टाने २०१८ मध्ये निकाल दिलाय की पॉलिसीत "आनुवंशिक आजार" असं सरसकट कलम घालून क्लेम नाकारणं हा भेदभाव आहे. तरी फॉर्म भरताना माहितगार माणसाला सोबत घ्या.

आरोग्यधन
सर्व प्रकारच्या गाठींवर आमच्याकडे खात्रीशीर काढा मिळेल, तुटलेली गुणसूत्रे २१ दिवसांत जोडली जातात, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

चहाटळ
क्रोमोझोमला फेविकॉल! उद्या माझा मोडलेला संसारही २१ दिवसांत जोडून द्या.

संपादक
आरोग्यधन यांचा आयडी बंद केला आहे. त्यावरचे सतरा प्रतिसाद उडवले, चहाटळ यांचा ठेवला. कृपया विषयावर या.

स्लाइडवाली
मला त्या कॉलेजच्या मुलीबद्दल बोलायचंय. तिला दोष देऊन उपयोग नाही, एमएस्सीची पोर असणार, कोणी शिकवलेलंच नसेल. पण संशोधनासाठी घेतलेल्या रक्ताचा आकडा असा फोनवर सांगायचाच नसतो. संमतीपत्रात लिहिलेलं असतं की वैयक्तिक रिपोर्ट मिळणार नाही, किंवा मिळाला तर समुपदेशकासोबत मिळेल. शेवंतीने तीन रात्री जागून काढल्या त्या एका आकड्यापायी, ज्याचा अर्थ सांगणाऱ्या मुलीलाही लागत नव्हता.

मीसुद्धा एकदा हे केलंय, म्हणून एवढं पोटतिडकीने लिहितेय. एका बाईने कॉरिडॉरमध्ये विचारलं, "माझं बरं आहे ना हो?" मी म्हटलं, "थोडं जास्त आहे, पण काळजी करू नका." ती पुढे चार महिने दर सोमवारी लॅबच्या दारात येऊन उभी राहायची.

शेवंती३३ (सात आठवड्यांनी)
मंडळी, धागा वर आणतेय. आईच्या पाच केमो झाल्या. केस गेले, पण भाजीत मीठ कमी पडलं हे बरोबर सांगते, म्हणजे चव शाबूत आहे.

डॉक्टरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे वंशावळ काढायला बसले. आईच्या आईकडे काहीच नाही, सगळ्या बायका नव्वदीपर्यंत भांडत जगल्या. मग आजोबांकडची बाजू. आजोबांना एक बहीण होती, आईची आत्या. ती कशाने गेली? आई म्हणाली, "पोटात पाणी झालं होतं." वय? "पंचेचाळीस असेल." आमच्याकडे तिला करणी झाली असंच सांगायचे, म्हणून तिचा फोटोसुद्धा लावलेला नाही. मी हे जेनेटिकच्या मॅडमना सांगितलं, तर त्यांनी वंशावळीतल्या आत्याच्या गोलावर पेन टेकवला आणि म्हणाल्या, "बीजकोशाचा कॅन्सर असू शकतो."

आईची ब्राका-१ पॉझिटिव्ह आली. म्हणजे बहुधा आजोबांकडूनच. ते स्वतः ८४ वर्षं ठणठणीत जगले.

माझंही रक्त दिलं. या वेळी जांभळ्या झाकणाची नळी होती, मुद्दाम बघितली. रिपोर्टला तीन आठवडे लागतील. गंमत म्हणजे या वेळी झोप लागते. मागच्या वेळी काय ऐकलं तेच कळत नव्हतं.

आता नवा पेच. आईला एक भाऊ, माझा मामा. त्याला दोन मुली, एकीचं डिसेंबरात लग्न. मी फोनवर सांगायला गेले तर म्हणाला, "माझ्या पोरींच्या लग्नात विघ्न आणू नकोस, आणि बायकांचे रोग मला काय विचारतेस?" फोन ठेवला. आई म्हणते राहू दे. मॅडम म्हणतात, मामामध्ये असण्याची शक्यता निम्मी आहे, आणि असेल तर प्रत्येक मुलीतही निम्मी. काय करू?

डॉ_मिरजकर
आईंना या निदानाने एक फायदाही आहे, तो विसरू नका. ब्राकाच्या पेशंटसाठी ओलॅपरिबसारख्या गोळ्या आहेत. दुरुस्तीचा एक रस्ता कॅन्सरच्या पेशीत आधीच बंद असतो, गोळी दुसराही अडवते, आणि पेशी स्वतःच्याच तुटक्या डीएनएने मरते. तुमच्या डॉक्टरांशी बोला.

मामांचं: समुपदेशक मंडळी नातेवाइकांना द्यायला एक साधं पत्र लिहून देतात. ते मागून घ्या. भाचीच्या तोंडून ऐकलेलं वेगळं आणि कागदावर वाचलेलं वेगळं.

काळी_मैना
मी तर म्हणते मुलींनाच सरळ सांग. सज्ञान आहेत.

रानवेडा
लग्नाच्या तोंडावर? मोडलं तर आयुष्यभर हिच्या नावाने खडे फोडतील. जानेवारीपर्यंत थांबा.

काळी_मैना
आणि तोवर गाठ थांबेल का?

बोरीबंदर
शेवंती, मामांना माझा नंबर दे, संपादकांकडून घे. बायकांचे रोग नाही म्हणावं, आणि हे मी पुरुष असून पॉझिटिव्ह असलेला सांगतोय म्हणावं.

शेवंती३३
पत्र घेतलं. मराठीतच लिहून दिलंय त्यांनी, एक पानभर, कुठे "कॅन्सर होईल" असा शब्द नाही. मामाला पोस्टाने पाठवलं तर फाडेल, म्हणून रविवारी मामीच्या हातात दिलं. मामीने वाचलं, घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलं आणि विचारलं, "आत्यांचा फोटो आहे का गं कुणाकडे?"

बोरीबंदर दादा, नंबर मामीने घेतलाय.